अठ्ठेचाळीस किलोच्या आत

बिल्किस शिकलगारच्या सत्कारपत्रात माझं नाव नाही.
असायचं कारणही नाही.
मी पडणारी.
जुडोत एकीनं पाडायचं, एकीनं पडायचं,
आणि सरावात पडणारी ठरलेली असते,
घरात शेवटी जेवणारी ठरलेली असते तशी.

सांगलीत मार्केट यार्डामागं
हळदीच्या बंद गोदामात
खंबाळे सरांनी सोळा मॅट टाकल्या होत्या,
कुणीतरी वापरून टाकलेल्या.
फरशी कितीही धुतली तरी
फटींतून हळद वर यायची.
आमच्या डोग्या कोपरांवर, पाठीवर पिवळ्या.
माझी पाठ जास्त पिवळी. साहजिक आहे.
पतियाळ्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा
हरियाणाच्या पोरी नाक मुरडून म्हणाल्या,
"शादी है क्या किसी की?"
त्यातल्या दोघींना बिल्किसनं
अर्ध्या मिनिटाच्या आत आडवं केलं.
तिसरीनं स्वतःहून पाण्याची बाटली आणून दिली.

तिचे अब्बा यार्डात तोलाईला.
पोतं चढव, आकडा ओरड, पोतं उतरव.
स्पर्धेच्या आदल्या रात्री यार्ड रिकामं झालं
की त्याच काट्यावर पोरीला उभं करायचे.
"सत्तेचाळीस नऊशेऽ"
सवयीनं, मोठ्यानं,
जणू अंधारात कुणी मुनीम लिहून घेतोय.

नाशिकला राज्यस्पर्धेत
तिथला काटा म्हणाला, अठ्ठेचाळीस शंभर.
हातात अर्धा तास.
दोन स्वेटर घालून ती जिना चढली, उतरली, चढली,
पेल्यात थुंकत राहिली,
आणि समोरच्या टेलरकडून आणलेल्या कात्रीनं
मी तिची वेणी कापली.
केसांना वजन असतं
हे त्या दिवशी हाताला कळलं.
अब्बा दाराशी बसलेले.
कुणी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले,
"आपला काटा दोनशे ग्रॅम कमी दावतो.
शेटनं तसाच लावलाय, माल घेताना.
पंचवीस वर्सं ठावं हाय मला.
पोरीला उभी करताना ध्यानातच न्हाई आलं."

ती जिंकली. पाच लढती, पाच इप्पॉन.
परतीच्या गाडीत मिरज येईपर्यंत बोलली नाही.
सोमवारी अब्बांनी पहिलं पोतं चढवलं,
काट्याकडं बघितलं,
आणि दोनशे ग्रॅम मिळवून आकडा ओरडले.
दुसऱ्यालाही. तिसऱ्यालाही.
बुधवारी ते घरी होते,
अंगणात खाट टाकून, शर्टाला इस्त्री केलेली.

पुढचं सगळं पेपरात आलंय.
लखनौ, इंफाळ, ताश्कंद.
कात्रणं सरांच्या बायकोनं वहीत चिकटवलीत,
खळ जास्त झाल्यानं फोटो सुरकुतलेत.
पेपरात नाही ते :
डाव्या हाताची वाकडी करंगळी.
रमजानात सेहरीनंतरचा सराव,
वीज गेलेली, सर दारात टॉर्च धरून.
उपान्त्य फेरीत मणिपूरच्या पोरीनं ओढलं तेव्हा
गुडघ्यातून आलेला आवाज,
ऊस मोडावा तसा.
टीव्हीवर तो ऐकू गेला नाही.
आणि मी. चाळीस हजार वेळा.
दिवसाला वीस, वर्षाचे अडीचशे दिवस, आठ वर्षं.
हिशेब माझाच,
एका रात्रपाळीत एक्स-रेच्या पाकिटावर केलेला.

गोदाम पाडायच्या आदल्या दिवशी तिचा फोन.
मॅट निघालेल्या होत्या, चारच उरलेल्या.
तिच्या गुडघ्याला पट्टा, केस पुन्हा कमरेपर्यंत.
"पद्मे, तुझ्याकडनं मी कधी पडलोच न्हाई गं.
आज एकदा पाड."

मी कॉलर धरली. वळले. खाली गेले.
आठ वर्षं रोज माझं वजन तिच्या पाठीवर,
तिचं माझ्या पाठीवर आलं ते आत्ता.
फक्त मान वाकवायची उरली होती.
पाय सुटलेले, वेणी माझ्या खांद्यावरून पुढं,
छातीतला ठोका पाठीला लागत होता.

मी तशीच उभी राहिले.

"उतरव की," ती कानाशी म्हणाली.

"थांब," म्हटलं, "आकडा बघतो."